तो बाजूच्या खोलीतून मेसेज करतो

पत्र थोडक्यात: ऐरोलीहून एका वडिलांनी लिहिलंय. वय ५६, रबाळे एमआयडीसीत नोकरी, रिटायर व्हायला दोन वर्षं. मुलगा २२ वर्षांचा, चांगल्या मार्कांनी बीकॉम झालाय. महाप्याला एका बॅक ऑफिसमध्ये लागला होता, साडेतीन महिन्यांनी एक दिवस जेवणाच्या सुट्टीत उठून घरी आला तो परत गेलाच नाही. मग सायकिॲट्रिस्ट, तिथून सायकॉलॉजिस्ट, तीन-चार वेळा बसून टेस्ट, आणि निदान निघालं ऑटिझम. नोकरी सुटून आता आठ महिने झाले. मुलगा दिवसा झोपतो, रात्री जागतो, घरात कोणाशी बोलत नाही, बाजूच्या खोलीतून आईला व्हॉट्सअपवर लिहितो, 'चहा', 'भेंडी नको'. आठवड्यातून दोन-तीनदा पहाटे एकटाच खाडीवर जाऊन पक्षी मोजतो आणि आकडे एक्सेलमध्ये भरतो. वडील ठाण्यातली तीन, वाशीतलं एक आणि नेरूळमधलं एक सेंटर फिरून आले. चार ठिकाणी सांगितलं, आम्ही बारा-चौदा वर्षांपर्यंतच घेतो. पाचव्या ठिकाणी मोठी मुलं होती पण पणत्या रंगवत होती, मुलगा अर्धा तास बसला आणि 'हे माझ्यासाठी नाही' म्हणून निघाला. एका क्लिनिकने स्टेम सेल उपचारांचे काही लाख सांगितलेत. मेहुणे म्हणतात लग्न लावा, बँकेतले ओळखीचे म्हणतात पालकत्वाचा कागद करून ठेवा. वडील विचारतात, आम्हाला उशीर झाला का, ठाणे-नवी मुंबईत याच्यासाठी एकही जागा नाही का, आणि आमच्या मागे याचं काय.

नमस्कार दादा,

तुमचं पत्र परवा रात्री वाचलं, काल परत वाचलं, आणि दोन्ही वेळा एकाच ओळीला अडकले. 'भिंतीपलीकडे असून तोंडाने बोलत नाही, मेसेज टाकतो, आईबापाची ही किंमत.' त्या ओळीवर मी येणार आहे, पण त्याआधी एक गोष्ट बोलून घेऊ, कारण तिला थांबवून ठेवता येत नाही.

झोप उलटी, नोकरी सुटलेली, बोलणं बंद, आणि हे आठ महिने. तुम्ही हे सगळं ऑटिझमच्या खात्यात टाकलंय. पण ऑटिझम त्याच्यात जन्मापासून आहे ना, तो बीकॉम करत होता तेव्हाही होता, रोज सकाळी डबा घेऊन महाप्याला जात होता तेव्हाही होता. मग आठ महिन्यांपूर्वी जे बदललं ते काहीतरी वेगळं आहे. ते डिप्रेशन असू शकतं, आतून पोखरणारी अँग्झायटी असू शकते, किंवा ऑटिस्टिक मंडळी ज्याला बर्नआऊट म्हणतात ते असू शकतं, म्हणजे वर्षानुवर्षं बाकीच्यांसारखं वागून दाखवताना माणूस इतका थकतो की आधी जमणाऱ्या गोष्टीही जमेनाशा होतात. मी डॉक्टर नाही, यातलं नक्की काय ते मी सांगू शकत नाही. पण ज्यांनी निदान केलं त्याच सायकिॲट्रिस्टकडे परत जा आणि नुसतं ऑटिझमबद्दल न विचारता झोप आणि उदासी यावर काय करायचं ते विचारा. ऑटिझम बरा करणारं औषध नाही, पण झोप, चिंता, डिप्रेशन, फिट्स यांच्यावर उपचार आहेत आणि ते केले की माणसाला श्वास घेता येतो.

आणि अजून एक, हे लिहिताना माझाही हात जड होतोय. ऑटिस्टिक मोठ्या माणसांमध्ये, त्यातही ज्यांचं शिक्षण आणि बोलणं व्यवस्थित आहे त्यांच्यात, जीव नकोसा वाटण्याचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा जास्त दिसतं. तुमचा मुलगा तसा विचार करतोय असं मी म्हणत नाही. विचारा त्याला, सरळ शब्दांत, वाटल्यास मेसेजवरच: 'तुला कधी जगणं नकोसं वाटतं का? हो, नाही, किंवा सांगता येत नाही, काहीही लिही.' विचारल्याने तसला विचार डोक्यात शिरत नाही, उलट एकट्याने वागवायचं ओझं कमी होतं. 'हो' आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं कुलपात ठेवा. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तुम्हाला स्वतःला बोलायचं असेल तरी लावा.

आता तुमचा पहिला प्रश्न, उशीर झाला का. मी तुम्हाला उलटं विचारते, कशाला उशीर? तुम्ही ज्या पाच दारांत जाऊन आलात तिथे मुख्यतः काय चालतं, तर लहान मुलांना बोलायला शिकवणं, पेन्सिल धरायला शिकवणं, वर्गात बसायची सवय लावणं. ती कामं चांगली आहेत, पण बावीस वर्षांच्या पोरासाठी तुम्ही बाबासूट शोधत फिरताय दादा, आणि मापाचा मिळत नाही म्हणून वेळ निघून गेली असं धरून बसलाय. तुमच्या मुलाला जे हवंय ते चार वर्षांच्या मुलाच्या थेरपीचं मोठं माप नाहीच. त्याला त्याचं डोकं कसं चालतं हे समजून घ्यायला मदत हवीये, न थकवणारं काम हवंय, आणि ज्यांच्यासमोर नाटक करावं लागत नाही अशी दोन-चार माणसं हवीत. या गोष्टी बाविसाव्या वर्षी सुरू होतात, चाळिसाव्या वर्षीही होतात.

आणि तुम्ही जे लिहिलंय ना, की लहानपणीच कळायला हवं होतं, आम्ही कमी पडलो, त्याबद्दल एक सांगते. आपल्याकडे १९९५ च्या जुन्या अपंगत्व कायद्यात सात प्रकार होते आणि त्यात ऑटिझमचं नावही नव्हतं. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ते आलं, पण नोकरी-शिक्षणाचे हक्क देणाऱ्या कायद्यात २१ प्रकारांमध्ये ऑटिझम आला २०१६ साली, आणि तो कायदा लागू झाला एप्रिल २०१७ मध्ये. तेव्हा तुमचा मुलगा आठवी-नववीत असेल. मार्क चांगले, मस्ती नाही, मारामारी नाही. अशा मुलाला आपल्या शाळा 'हुशार आहे पण घुमा आहे' म्हणून सोडून देतात. घुमा या एका शब्दाखाली किती मुलं-मुली गेली असतील, मुली तर जास्तच, कारण गप्प मुलगी म्हणजे गुणी मुलगी.

शब्दांवरूनच आठवलं. मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात, तुम्हीही पत्रात तसंच लिहिलंय. मला तो शब्द कधीच पटला नाही. स्वतःत मग्न म्हटलं की वाटतं याला बाहेरचं काही लागत नाही, मजेत आहे आतल्या आत. उलट बऱ्याच जणांना बाहेरचं जरा जास्तच येऊन आदळत असतं. ट्यूबलाइटची घरघर, एसीचा वारा मानेवर, शेजारच्याच्या डब्यातल्या सुक्या बोंबलाचा वास, तीन टेबलं सोडून चाललेला फोन, हे सगळं एकाच आवाजात आणि त्यातून वगळायचं बटण नाही. त्यामुळे तुमच्या मुलाला मी ऑटिस्टिकच म्हणणार आहे. त्याला स्वतःला काय म्हटलेलं आवडेल ते त्याला विचारा.

आता तुमच्याच पत्रातली एक बारीक गोष्ट मला दिसली, तुम्हाला दिसली का बघा. तो ऑफिसमधून उठून आला तो जेवणाच्या सुट्टीत. काम चालू असताना नाही! काम झेपत नसतं तर सकाळी अकरा वाजता उठला असता, नाही का. माझी भाची ऑटिस्टिक आहे, आता सत्तावीस वर्षांची, ठाण्यातच असते. शाळेत असताना तिचा वर्गात एकही प्रॉब्लेम नव्हता, तिला मोडायची ती मधली सुट्टी. वर्गात नियम असतात, कोण कधी बोलणार ते ठरलेलं असतं. सुट्टीत काहीच ठरलेलं नसतं, कोणाजवळ बसायचं, कोणाच्या विनोदावर किती हसायचं, डबा कोणाला द्यायचा. ती जिन्याखाली बसून डबा खायची आणि आम्ही सगळे, मी सुद्धा, तिला म्हणायचो अगं मिसळ ना चार मुलींमध्ये. आज ते आठवलं की पोटात कालवतं. तुमच्या मुलाला कोणी विचारलंय का, की साडेतीन महिन्यांत नेमकं काय सहन होत नव्हतं? कदाचित उत्तर इतकं छोटं असेल की जेवायला वेगळी वेळ आणि कानाला हेडफोन एवढ्यावर ती नोकरी टिकली असती. कदाचित नसेलही. पण 'नोकरी जमत नाही' आणि 'त्या हॉलमध्ये साठ जणांत जेवणं जमत नाही' या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढची नोकरी शोधताना हाच फरक कामाला येणार आहे.

चला, आता त्या ओळीकडे येते. बाजूच्या खोलीतून मेसेज.

तुम्ही त्याला अपमान समजताय. मला तर ते वाचून बरं वाटलं. बोलताना समोरच्याचा चेहरा वाचायचा, आवाजातला चढउतार पकडायचा, लगेच उत्तर द्यायचं, आपल्या तोंडावर योग्य भाव आणायचा, हे सगळं आपण न कळत करतो, त्याला ते एकेक करून करावं लागतं. लिहिताना यातलं बरंचसं गळून पडतं. म्हणजे आठ महिने जो मुलगा कोणाशी बोलत नाही असं तुम्ही म्हणताय तो रोज त्याच्या आईशी बोलतोय, भेंडी नको असं स्पष्ट सांगतोय. तोंडाने उत्तर दे मग चहा देते, असं त्याच्या आईने एकदा करून पाहिलं आणि तो दिवसभर उपाशी राहिला, हे तुम्हीच लिहिलंय. पुन्हा नका करू ते. डेमियन मिल्टन म्हणून इंग्लंडमधले एक संशोधक आहेत, स्वतः ऑटिस्टिक, त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की ऑटिस्टिक आणि बाकीची माणसं यांच्यात जे समजुतीचं अडतं ते दोन्हीकडून अडतं. त्याला तुम्ही कळत नाही हे खरं, पण तुम्हालाही तो कळत नाहीये, आणि आजवर शिकायचं काम फक्त त्याच्याकडे दिलं गेलंय. बावीस वर्षं तो तुमच्या पद्धतीने बोलायचा प्रयत्न करत होता. आता थोडे दिवस तुम्ही त्याच्या पद्धतीने करा. मेसेज लिहा, छोटा, एका वेळी एकच गोष्ट, टोमणा नाही, 'बघ तुला वाटलं तर' असलं मोघम काही नाही. आणि उत्तराला वेळ द्या, चार तास लागले तरी पुन्हा प्रश्नचिन्ह पाठवू नका.

तर मग जागा. तुम्ही विचारलंय, एकही जागा नाही का. खरं सांगायचं तर सकाळी सोडला संध्याकाळी आणला अशी, तुमच्या मुलाला बसेल अशी जागा मला माहीत नाही. पण तशी जागा असायलाच हवी हे कुठून आलं? शाळा संपली की दुसरी शाळा हवी असं आपल्याला वाटतं. मोठ्या माणसाचा आधार एका इमारतीत नसतो, माझा-तुमचाही नाहीये, थोडा ऑफिसात असतो, थोडा भावकीत, थोडा सकाळच्या वॉकिंगच्या ग्रुपमध्ये. त्याचाही असाच तुकड्या-तुकड्यांनी उभा करावा लागेल.

पहिला तुकडा त्याने स्वतःच शोधून ठेवलाय. तुम्ही लिहिलंय, 'पक्षी मोजण्यात वेळ घालवतो.' दादा, ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये तिला रामसरचा दर्जा मिळाला, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये तिचं नाव गेलं. तुमच्या घरापासून जवळ ऐरोलीतच वन विभागाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथे येणारे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, नोंदवणं हे काही लोकांचं पगारी काम आहे. आणि बिनपगारी करणारे तर ढीगभर, ते आपल्या याद्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाकतात, तारीख, वेळ, जागा, कुठला पक्षी किती, आणि संशोधक ती माहिती वापरतात. तुमच्या मुलाचं एक्सेल म्हणजे हेच आहे. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षीगणना होते, भारतातही होते. नेरूळच्या पाणथळींवर, खाडीकाठी पक्षी बघणारे लोक जातात, आणि मला त्या मंडळींची एक गोष्ट फार आवडते, ते तासभर एकमेकांशी बोलत नाहीत आणि कोणाला त्याचं वाईट वाटत नाही. अशा ठिकाणी तुमच्या मुलाला मित्र मिळेलच असं नाही, पण त्याच्यासारखं बघणारी माणसं आहेत एवढं कळेल. फक्त त्याच्या हातातून ते काढून घेऊ नका, म्हणजे लगेच 'यात करिअर कर', 'सर्टिफिकेट कोर्स कर', असं नको. त्याचं आहे ते, त्याच्याकडेच राहू दे.

दुसरा तुकडा कागदांचा, यावर जरा सविस्तर लिहिते कारण मला येणाऱ्या पत्रांत हाच गोंधळ सगळ्यात जास्त असतो. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, अर्ज ऑनलाइन स्वावलंबन पोर्टलवर करायचा, पत्त्यानुसार सरकारी हॉस्पिटल निवडायचं, तिथे तपासणी होते. ऑटिझमसाठी आपल्याकडे इसा नावाचं भारतीय मोजमाप वापरतात, ४० मुद्दे असतात, ७० किंवा जास्त गुण आले की ऑटिझम धरतात. सर्टिफिकेटवर ४० टक्के किंवा जास्त आलं तर बहुतेक सवलती आणि आरक्षणं लागू होतात. इथे बोलक्या, शिकलेल्या मुलांचं काय होतं, तर आईवडील घरून निघताना सांगतात 'नीट बस, डॉक्टरांकडे बघून बोल', मुलगा जीव तोडून नीट बसतो, आणि समोरचे म्हणतात याला काय झालंय, चांगला तर आहे. तसं नका करू. त्याला जसा आहे तसा जाऊ द्या, आणि वाईट दिवस कसे असतात ते आधी कागदावर लिहून न्या, किती दिवस अंघोळ राहते, आवाज झाला की काय होतं, नोकरी कशी सुटली. शाळेची जुनी प्रगतीपुस्तकं, शिक्षकांचे शेरे, सायकॉलॉजिस्टचा पूर्ण रिपोर्ट, सगळ्याच्या झेरॉक्स. लहानपणाबद्दल विचारतात म्हणून त्याची आई बरोबर हवी. आणि नंबर लागेपर्यंत बाहेर गर्दीत न बसवता जवळच कुठेतरी शांत थांबा, नंबर आला की फोन करायला एक माणूस आत ठेवा.

पण हे सगळं त्याला हवं असेल तर. तो सज्ञान आहे, कार्डावर नाव त्याचं असणार आहे. काही जणांना निदान कळल्यावर हायसं वाटतं, काहींना सरकारी कागदावर दिव्यांग लिहिलेलं नको असतं. त्याच्यासमोर फायदे मांडा आणि ठरवू द्या. फायदे असे: सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना जे ४ टक्के आरक्षण आहे त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी मिळून आहे. पुढे शिकायचं असेल तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत ५ टक्के जागा आहेत, वयातही ५ वर्षांची सूट आहे. नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपी आणि ओपीडीचाही खर्च धरतात, आधी मेडिकल टेस्ट लागत नाही. ऑटिझम ऐकल्यावर खाजगी विमावाले कसे तोंड फिरवतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना याची किंमत कळेल. खाजगी कंपन्यांच्या बाबतीत २०१६ च्या कायद्याच्या २१व्या कलमाप्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण जाहीर करायचं असतं. ऐरोली-महाप्याच्या मोठ्या आयटी कंपन्यांमध्ये अर्ज करताना एचआरला सरळ विचारायचं, तुमचं हे धोरण दाखवा. मग लेखी मागायचं: सूचना ईमेलवर द्या, कोपऱ्यातली जागा द्या, हेडफोन चालतील का, जेवणाची वेळ वेगळी चालेल का. यातल्या बहुतेक गोष्टींना कंपनीचा एक रुपया लागत नाही.

ज्यांची मुलं अजून शाळेत आहेत त्यांच्यासाठी घाईघाईत इथेच सांगते, सर्टिफिकेट आठवी-नववीतच काढा, दहावी-बारावीला बोर्डाकडून जास्तीचा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात पण त्या शाळेमार्फत आधी मागाव्या लागतात, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात काही होत नाही. आणि वयात येताना काही ऑटिस्टिक मुलांना पहिल्यांदाच फिट्स येतात, तेव्हा एकटक बघत राहणं, मध्येच हरवल्यासारखं होणं असं दिसलं तर 'त्याचं असंच असतं' म्हणून सोडू नका, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. ज्यांच्या मुलांना रोजच्या कामात जास्त मदत लागते त्यांनी वाशीच्या नवी मुंबई महापालिकेच्या ईटीसी या दिव्यांगांसाठीच्या केंद्रात आणि खारघरला एनआयईपीआयडी या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं विभागीय केंद्र आहे तिथे मोठ्यांसाठी काय आहे त्याची चौकशी करावी. बदलापूरचं आधार हे पालकांनीच उभं केलेलं आहे, बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या निवासासाठी. प्रत्यक्ष जाऊन बघा, दुपारच्या जेवणाच्या वेळी जा, म्हणजे माणसं माणसांशी कशी वागतात ते दिसतं.

पणत्यांबद्दलही एक बोलायचंय. ज्यांना त्या कामात आनंद आहे, चार पैसे मिळतात, सोबत मिळते, त्यांच्यासाठी ते छानच आहे. तुमचा मुलगा मात्र अर्ध्या तासात ओळखून मोकळा झाला आणि तुम्हाला तसं सांगितलंही, तोंडाने, पूर्ण वाक्यात. तुम्ही ते नकार म्हणून ऐकलंत. मी ते उत्तर म्हणून वाचलं.

आता बाकीचे सल्ले. स्टेम सेल: नको. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठी होणारं प्रत्यारोपण सोडून स्टेम सेल ही मान्य उपचारपद्धती नाही, ऑटिझमसाठी तर नाहीच. जे लाख तिकडे जाणार होते ते त्याच्या नावावर ठेवा. लग्न: ऑटिस्टिक माणसं लग्न करतात, संसारही करतात, पण ते त्यांना हवं असतं म्हणून. सुधारावा म्हणून लावलेल्या लग्नात अजून एक पोरगी अंधारात ओढली जाते, तिला न सांगता. मेहुण्यांना हे मी सांगितलंय म्हणून सांगा. पालकत्वाचा कागद: नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती अठरा वर्षांवरच्यांसाठी कायदेशीर पालक नेमते, आणि ज्यांना स्वतःचे व्यवहार समजतच नाहीत त्यांच्यासाठी तो मोठा आधार आहे. पण तुमचा मुलगा बीकॉम आहे हो, एक्सेलमध्ये तीन वर्षांच्या नोंदी ठेवतो. त्याच्या सहीचा अधिकार काढून घेऊन तुम्ही त्याला कशापासून वाचवणार? बँकेत त्याला बरोबर न्या, फॉर्म घरी आणून सावकाश भरू द्या, एवढं पुरेल.

'आमच्या मागे काय' याचं उत्तर मी एका पत्रात देऊ शकत नाही, पण ते कुठून सुरू होतं ते सांगते. आठवड्याला घरातलं एक काम पूर्णपणे त्याच्याकडे, त्याला जमेल त्या वेळी, रात्री दोन वाजता का असेना. लाइट बिल. गॅसचं बुकिंग. कुकर लावणं. सोसायटीचा मेंटेनन्स. एक पक्कं झालं की दुसरं, पायऱ्या लिहून फ्रिजवर. रिटायर होईपर्यंत तुमच्याकडे दोन वर्षं आहेत, म्हणजे शंभर आठवडे. बरोबरीने मृत्युपत्र करा, नॉमिनी तपासा, आणि नात्यातली किंवा ओळखीतली अशी दोन माणसं हेरून ठेवा ज्यांच्या मेसेजला तो आजही उत्तर देतो. सगळ्या नातेवाईकांना निदान सांगायचं का, हेही त्यालाच विचारा, त्याची गोष्ट आहे.

आणि वहिनी. तुमच्या तीन पानांत त्या फक्त चहा करताना आणि रडताना दिसल्या. मुंबईत फोरम फॉर ऑटिझम म्हणून पालकांचा गट आहे, तिथे मोठ्या झालेल्या मुलांचे आईवडील भेटतील. वहिनींना एकदा तरी जाऊ द्या, हवं तर तुम्ही घरी थांबा. भाचीचं निदान झाल्यावर माझी बहीण पहिल्यांदा पालकांच्या एका भेटीला गेली तेव्हा दोन तासांत एक शब्द बोलली नाही, पण त्या दिवशी घरी आल्यावर आठ महिन्यांत पहिल्यांदा नीट जेवली.

हे सगळं एकदम करू नका. या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या, आणि वर लिहिलेला, जीव नकोसा वाटण्याबद्दलचा प्रश्न विचारा. त्याचं उत्तर सांभाळून झालं की मग त्याला हा एक मेसेज टाका, जसाच्या तसा टाकला तरी चालेल: 'तू खाडीवर जातोस तेव्हा एकदा मी आलो तर चालेल का? मी बोलणार नाही. लांब उभा राहीन.' 'नको' आलं तर 'ठीक आहे' एवढंच लिहा आणि पंधरा दिवसांनी परत विचारा. 'हो' आलं तर पांढरा शर्ट घालू नका, पक्षी बिचकतात, आणि फोन घरी ठेवून जा.